आजीची सही चौकटीत बसवायची आहे. फोटोशॉप-गिंपवाले, धावा!

शेवंती
नमस्कार मंडळी. आजीला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. फोटो सगळ्यांच्या घरी आहे, हार घातलेला. मला वर्षश्राद्धाला आई, दोन्ही मावश्या आणि मामा अशा चौघांना तिची सही फ्रेम करून द्यायची आहे.

सहीच का, ते सांगते. आजी शाळेत गेली नव्हती. पन्नाशीला टेकल्यावर गावातल्या रात्रीच्या साक्षरता वर्गात जाऊन स्वतःचं नाव लिहायला शिकली. तोवर सगळीकडे अंगठाच. मामाला बचत गटाची २००१ सालची वही सापडली. तिच्या एका पानावर चौदा बायका, पाच अंगठे आणि नऊ सह्या. सातव्या नंबरला आजी: 'गजराबाई'. अक्षरं चांगली मोठी, एकेक सुटं, आणि शेवटची ई रागावल्यासारखी जरा लांब उभी.

आता अडचणी. पेन निळं, वहीच्या रेघाही निळ्या (फिकट). पान पिवळं पडलंय. आणि ईवर गटाचा जांभळा गोल शिक्का बसलाय. मला सही स्वच्छ करून घ्यायची आहे, मागे छान रंग आणि भोवती नक्षीदार चौकट. छपाई १२ x ८ इंच. फोटोशॉप येत नाही. गिंप (फोटोशॉपसारखंच, फुकटातलं) उतरवून घेतलं, उघडलं, घाबरून बंद केलं.

तिरकी रेघ
पहिला! मिसळ मागवून बसलोय, चालू द्या.

पिक्सेलपंत
घाबरायचं काही नाही, गिंप चावत नाही. सुरुवात मात्र गिंपपासून करू नका, स्कॅनरपासून करा.

मोबाइलने फोटो काढू नका. वहीच्या शिवणीकडे पान वळतं, सही तिकडे तिरपी होते, आणि आपलीच सावली पडते. कागदपत्रं स्कॅन करायची जी मोबाइल ॲपं असतात ती तर अजिबात नकोत. ती पान पांढरंशुभ्र करण्याच्या नादात पेनाचे हलके फटकारे खाऊन टाकतात. ऑफिसात किंवा झेरॉक्सवाल्याकडे सपाट काचेचा स्कॅनर असतो, त्यावर ठेवा. पान वहीतून फाडू नका, अख्खी वही उलटी ठेवा आणि वरून हाताने हलकं दाबा.

आता थोडं गणित. सही साधारण ५ सेंमी रुंद आहे असं धरू, म्हणजे दोन इंचाला थोडी कमी. ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन केलीत तर ११८० पिक्सेल मिळतील. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे कागदावर ती चार इंचांचीच होईल. १२ x ८ च्या चौकटीत सही सहा-सात इंच तरी हवी, नाहीतर मोठ्या ताटात एकच भजं ठेवल्यासारखं दिसेल. म्हणून १२०० ला स्कॅन करा, २३६० पिक्सेल मिळतील. त्याच्या वर जाऊन उपयोग नाही. स्कॅनरची भिंगं जेवढं बघतात तेवढंच खरं, पुढचे आकडे तो मनाने भरतो. रंगीत स्कॅन, टिफ किंवा पीएनजीमध्ये सेव्ह. जेपीजी नको.

स्कॅन झालं की इथे सांगा, निळ्या रेघांचं औषध माझ्याकडे आहे.

आगाऊ कार्टं
एवढं कशाला? आजकाल डिजिटल सही असते ना, ती काढून घ्या ऑनलाइन.

मुंबईचा वकील
@आगाऊ कार्टं, डिजिटल सही म्हणजे सहीचं चित्र नव्हे. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात जी आहे ती संगणकाच्या किल्ल्यांवर चालणारी वेगळीच भानगड आहे. तिला ना वळण, ना शाई. गजराबाईंच्या सहीशी तिचा काडीचा संबंध नाही.

आणि आलोच आहे तर सगळ्यांना सांगून ठेवतो. हयात माणसाची सही अशी १२०० डीपीआयला स्वच्छ करून, मागचा कागद पारदर्शक करून कुठेही टाकू नका. तुम्ही भेटवस्तू म्हणून जे बनवाल ते दुसऱ्या कुणाच्या हातात तयार शिक्का असतो, कुठल्याही कागदावर ठेवा आणि छापा. शेवंतीताई, तुमच्या आजींच्या नावावर काही खातं किंवा सातबाऱ्याचं काम अजून लटकलेलं असेल तर तुम्हीही मूळ फाइल घरातच ठेवा. इथे दाखवायला छोटी, मधोमध आडवी अक्षरं टाकलेली प्रत पुरे.

शेवंती
@मुंबईचा वकील, हे डोक्यातच आलं नव्हतं. वारसनोंद अजून व्हायची आहे. छोटीच टाकीन.

निवृत्त गुर्जी
अंगठा म्हणालात म्हणून. आमच्याकडच्या जुन्या कर्जरोख्यांवर 'नि. डा. अं.' असं लिहिलेलं असे, म्हणजे निशाणी डावा अंगठा. त्याआधीची मोडी कागदपत्रं पाहिलीत तर गावच्या पाटलाच्या नावापुढे चक्क नांगर काढलेला असतो. निशाणी नांगराची. लिहिता येवो न येवो, पाटलाची सही म्हणजे नांगर. कारू लोकांची, म्हणजे सुतार-लोहारांची, आपापल्या हत्याराची निशाणी. सहीचं चित्र करण्याची हौस तुम्हालाच आहे असं समजू नका.

ठाणेकर नीलिमा
गुर्जी, पत्राच्या शेवटी उमटवायचा तो छोटा शिक्का राहिला. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर 'मर्यादेयं विराजते' असायचं. इथे मजकूर संपला, याच्यापुढे कुणी काही घुसडू नये, एवढ्यासाठी. वकीलसाहेबांची काळजी साडेतीनशे वर्षं जुनी आहे!

तिरकी रेघ
धागा नांगरावर गेला. आता बैल आणा.

ऑर्कुटची राख
ओहोहो, सजवलेल्या सहीचं चित्र! कुठे नेऊन सोडलंत हो. २००५-०६ साली सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून मी हेच करायचो. प्रत्येक फोरमवर आपल्या पोस्टखाली आपली 'सिग' हवी. स्वतःचं नाव, त्याला बेव्हल (कडांना फुगीर उठाव), बेव्हलला चमक, चमकेला सावली. मागे सूर्यास्त. कोपऱ्यात गुलाब. गुलाबावर दव. दवावर पुन्हा चमक. तेव्हाच्या नेटवर ते चित्र वरून खाली एकेक पट्टी उतरत यायचं, नाव दिसेपर्यंत वाचणारा पुढच्या पानावर गेलेला असायचा.

शेवंती, अनुभवाचा एकच सल्ला: गिंपच्या फिल्टर्समध्ये 'डेकॉर' नावाचा कप्पा आहे, त्यात एका वेळी एकाच गोष्टीला हात लावायचा. मी सगळ्यांना लावायचो. त्यात 'कॉफी स्टेन' पण आहे, कप सांडल्याचा डाग काढून देतो.

आगाऊ कार्टं
आमच्याकडे हा फिल्टर बाबा रोज सकाळी पेपरवर चालवतात. फुकट.

कोथरूडची सून
फोटोशॉपच घ्या हो ताई. स्ट्रोक, बेव्हल अँड एम्बॉस, ड्रॉप शॅडो, सगळं एका खिडकीत. नंतर कधीही बदला. गिंपमध्ये एकदा सावली टाकली की टाकली.

पिक्सेलपंत
हे जुनं झालं. २०२५ मध्ये गिंप ३.० आलं, त्यात फिल्टर लेयरवर (चित्राच्या थरावर) वेगळा राहतो, नंतर उघडून बदलता येतो. आणि चार फ्रेमांसाठी दरमहा वर्गणी कोण भरणार? ज्यांना फोटोशॉपचाच चेहरा हवा त्यांनी ब्राउझरमध्ये फोटोपी उघडावं, काही बसवावं लागत नाही.

कोथरूडची सून
फुकटातलं ते फुकटातलंच.

पिक्सेलपंत
असो.

पैठणकर
चौकटीचं मी सांगतो. पैठणीचा काठ! माझ्या बहिणीच्या लग्नपत्रिकेला केला होता. येवल्याच्या पैठणीचा काठ स्कॅन करायचा, त्यातला एक पूर्ण नमुना कापून घ्यायचा आणि तोच शेजारी शेजारी लावत जायचा. तुमचं चित्र ३६०० x २४०० पिक्सेलचं. नमुना बरोबर २०० पिक्सेल रुंद केलात तर वर १८ आणि बाजूला १२ बसतात, अर्धवट काही उरत नाही.

कोपऱ्यात खरी गंमत आहे. लाकडी फ्रेमवाला पट्टी ४५ अंशात कापतो ना, तसंच इथे करायचं. आडवी पट्टी एक लेयर, तीच ९० अंशात फिरवून उभी पट्टी दुसरा लेयर. दोन्ही जिथे एकमेकांवर चढतात तिथे तिरपी निवड करून वरचा कोपरा पुसायचा. नारळी काठाला हे झकास जमतं. मी हौसेने मुनिया घेतला होता. सगळे पोपट उजवीकडे बघणारे, आणि कोपऱ्यात एकाची चोच आणि दुसऱ्याची शेपटी जुळून तिसराच पक्षी तयार झाला.

तिरकी रेघ
थोडक्यात पोपटाचा पोपट झाला.

पैठणकर
तीनशे पत्रिका छापून झाल्यावर कळलं. आत्याने बघितलं आणि विचारलं, "हा गरुड का?"

माणदेशी
एक विचारू का, राग मानू नका. आजींनी पैठणी नेसली होती का कधी?

शेवंती
राग कसला. नाही नेसली. दोन लुगडी, एक अंगावर आणि एक दोरीवर. सणाला हिरवं इरकल. पैठणी तिने मामाच्या लग्नात विहिणीच्या अंगावर बघितली असेल.

माणदेशी
मग इरकलचा काठ घ्या की. गोमी काठ असेल तर अजून सोपं, बारीक रेघारेघांचा, त्याला तोंड ना शेपटी. कोपऱ्यात कसाही कापा, पक्षी होणार नाही. लुगडं आहे का अजून?

शेवंती
लुगड्याची वाकळ झाली! मामाकडे आहे, पोरं हिवाळ्यात पांघरतात. काठ वाकळीच्या कडेलाच लावलेला आहे. येत्या रविवारी गावी जाते. मी मागेच राहिले हे आज कळलं, तुम्ही सगळे माझ्या आधी आजीच्या घरी पोचलात.

पिक्सेलपंत
वाकळ स्कॅनरवर ठेवताना झाकण लागणार नाही. लावायचा प्रयत्नही करू नका, काच फुटेल. वरून काळा कपडा टाका, बाहेरचा उजेड आत यायला नको. धावदोऱ्याचे टाके दिसले तर पुसत बसू नका.

शेवंती
(दहा दिवसांनी)
स्कॅन झालं. १२०० डीपीआय, सही आणि वाकळ दोन्ही. वाकळीला स्कॅनरवर ठेवताना झेरॉक्सवाल्याने माझ्याकडे असं बघितलं की मी जास्तीचे वीस रुपये न मागता दिले. आता निळ्या रेघांचं औषध सांगा.

पिक्सेलपंत
ऐका. रंगीत चित्र म्हणजे लाल, हिरवा, निळा अशा तीन काळ्यापांढऱ्या चित्रांची चळत. कलर्स > काँपोनंट्स > डीकंपोज करा, आरजीबी निवडा, तिन्ही सुटी होतील. वहीच्या समासाची लाल रेघ लाल चित्रात दिसेनाशी होते. तशीच निळी रेघ निळ्या चित्रात. म्हणजे तुम्हाला निळं चित्र हवं. शिक्क्याच्या जांभळ्यातही निळा भरपूर असतो, तोही त्यात बराचसा विरतो. पेन निळं असलं तरी शाई गडद आहे, ती करडी का होईना, उरेल.

एक गोष्ट विचित्र दिसेल. पान पिवळं आहे आणि पिवळ्यात निळा कमी, त्यामुळे निळ्या चित्रात कागद उलट मळका दिसेल. दचकू नका. कलर्स > लेव्हल्स उघडा. उजवीकडचा पांढरा त्रिकोण डावीकडे सरकवा, कागद पांढरा होईपर्यंत. मग डावीकडचा काळा त्रिकोण उजवीकडे, शाई काळी होईपर्यंत. थ्रेशोल्ड वापरायचा मोह होईल, एका झटक्यात काळंपांढरं करून देतो. पण कडा करवतीच्या दातांसारख्या होतात. शेवटी 'कलर टू अल्फा' करून पांढरा उडवा. मागे हवा तो रंग ठेवा.

शेवंती
जमलं!! रेघा गेल्या, शिक्का गेला, कागदाचा पिवळेपणा गेला. पहिल्यांदाच मी कॉम्प्युटरवर काहीतरी केल्यासारखं वाटतंय. छोटी प्रत टाकली आहे बघा.

पण काहीतरी चुकतंय. आईला दाखवलं तर ती म्हणाली, "ही तिची नाही वाटत." मी म्हटलं, अगं तिचीच, वहीतलीच. आई काही बोलली नाही. फोन परत दिला आणि भाजी निवडायला लागली. काय बिघडलंय मला कळत नाहीये.

आगाऊ कार्टं
आजी गुजराती होत्या का? ग आणि र तर थेट अहमदाबादचे दिसतात.

न्यू जर्सीचा बंड्या
खरंच की. आमच्या इथल्या गुजराती किराणा दुकानाच्या पाटीवर असंच लिहिलेलं असतं. अक्षरांना डोकंच नाही!

पैठणकर
ईवरचा तो रफारासारखा आकडा पण हवेत तरंगतोय. पंत, तुमच्या लेव्हल्सने शिरोरेषा खाल्ली काय?

पिक्सेलपंत
शक्य नाही. अक्षरं ठणठणीत काळी आहेत, मग त्याच शाईची त्याच जाडीची वरची रेघ एकटीच कशी जाईल? पांढरा त्रिकोण जास्त सरकला असता तर आधी अक्षरांच्या बारीक शेपट्या गेल्या असत्या. त्या आहेत. ताई, मूळ स्कॅनचा तेवढाच तुकडा टाका बघू.

शेवंती
टाकला.

निवृत्त गुर्जी
मला दिसलं.

पंत, तुमचं काही चुकलेलं नाही. शिरोरेषा पेनाने काढलेलीच नाही. वहीची छापील निळी रेघ हीच त्यांची शिरोरेषा आहे. नीट बघा, ग, ज, रा, बा, सगळ्यांच्या उभ्या काठ्या वरच्या छापील रेघेला जाऊन टेकतात आणि तिथेच थांबतात. एकही वर गेलेली नाही. दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरं रेघेला अडकवली आहेत. रेघ उडवलीत, दोरीच काढून घेतलीत.

मी हे शेकड्यांनी पाहिलंय. राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ ला सुरू झालं आणि नव्वदीच्या सुरुवातीला जिल्ह्याजिल्ह्यात रात्रीचे वर्ग निघाले. मी तेव्हा तरुण शिक्षक, दिवसा पोरं, रात्री त्यांच्या आज्या. कंदिलाच्या उजेडात बायका पाटीवर उत्तम लिहायच्या, पण वही आली की हात अडायचा. पेन हलकं, कागद गुळगुळीत, अक्षर घसरतं. मग आम्ही सांगायचो, "रेघ धरून लिहा, वरच्या रेघेला अक्षर टांगा, डोक्यावर वेगळी रेघ मारायचे कष्ट नकोत." सांगायला सोपं होतं म्हणून सांगितलं. पुढे त्या बायकांना कोरा कागद दिला की त्या विचारायच्या, "गुर्जी, रेघ कुठाय?" रेघेशिवाय सही करायला धजायच्या नाहीत. कुणी आधी फुटपट्टीने रेघ ओढून घ्यायची.

शेवंती
गुर्जी. आजीच्या पिशवीत कायम एक सहा इंची लाकडी पट्टी असायची. आम्ही हसायचो. म्हणायचो आजी आर्किटेक्ट आहे.

तिरकी रेघ
माझं नाव बदलून घ्यावं म्हणतो.

कोथरूडची सून
सोपं आहे हो, लाइन टूलने वर एक काळी रेघ मारून टाका. दोन मिनिटांचं काम. कुणाला कळणारही नाही.

माणदेशी
आईला कळेल.

ठाणेकर नीलिमा
मी सूनबाईंच्या बाजूने नाही पण एक प्रश्न आहे. छापील रेघ ठेवायची तर वरच्या-खालच्या रेघांचं काय? त्या पण ठेवल्या तर वहीचं पान चिकटवल्यासारखं दिसेल. आणि शिक्का? शेवंतीला भिंतीवर लावण्यासारखं काहीतरी हवंय, पुरावा नकोय.

पिक्सेलपंत
होईल. डीकंपोज विसरा, मूळ रंगीत स्कॅनवर परत या. माझंच औषध जरा जालीम झालं.

सगळ्यात खाली साय रंगाचा एक लेयर. त्याच्यावर रंगीत स्कॅन, लेव्हल्सने कागद पांढऱ्याच्या जवळ आणलेला. लेयरचा मोड 'मल्टिप्लाय'. त्यात पांढरं असेल ते नाहीसं होतं आणि गडद ते खालच्या रंगात मुरतं, शाई कागदात मुरते तसं. आता स्कॅनच्या लेयरला पांढरा मास्क जोडा. मऊ कडांचा ब्रश, काळा रंग, आणि मास्कवर फिरवा. जिथे काळं तिथे लेयर झाकला जातो. वरची रेघ झाका, खालची झाका, शेजारणींच्या सह्यांची टोकं आत आली असतील ती झाका. आजींची रेघ सोडा. चुकलं तर पांढऱ्या ब्रशने परत येतं, काही पुसलं जात नाही.

शिक्क्याचं तुम्ही ठरवा.

शेवंती
रेघ किती लांब ठेवू? सहीपुरतीच, की?

निवृत्त गुर्जी
वहीत कुठून कुठवर गेली आहे?

शेवंती
समासातल्या ७ या आकड्यापासून पानाच्या कडेपर्यंत.

निवृत्त गुर्जी
मग तशीच.

मुंबईचा वकील
आकडाही ठेवा. गटाची सातवी सभासद, हाही हक्कच की.

ठाणेकर नीलिमा
बरं, मी हरले. पण खाली नाव आणि साल टाइप करणार असाल तर फोटोशॉपवाल्या कुणाकडून करून घेताना सांभाळा. जुन्या आवृत्तीत टाइपची सेटिंग दक्षिण आशियाई लिपींवर नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. 'स्मृती'ची जत्रा होते. गिंपमध्ये युनिकोड फाँट असेल तर नीट येतं. मुक्त वापराचे मुक्ता, बलू छान दिसतात.

शेवंती
खाली काही लिहायचंच नाही असं ठरवलंय. नाव लिहिलेलं आहे ना तिने.

ऑर्कुटची राख
बेव्हल तरी? थोडासा?

माणदेशी
नाही.

ऑर्कुटची राख
गुलाब?

शेवंती
(आठवड्याने)
झालं एकदाचं. सगळ्यांना सांगायला हवंच.

साय रंग मागे. मधे सही, डावीकडे ७, आणि एकच निळी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत. शिक्का अर्धा ठेवला. पूर्ण ठेवला तर ई दबत होती, काढला तर ई एकटी पडत होती. चौकटीला वाकळीतला गोमी काठ, १२० पिक्सेल रुंद, धावदोऱ्याच्या टाक्यांसकट. कोपरे पैठणकरांच्या पद्धतीने ४५ अंशात. तीन सुरेख आले. चौथ्यात टाका मधेच तुटतो, तो दुरुस्त करायला रात्री साडेबारापर्यंत बसले आणि मग राहू दिला, वाकळीतही त्या कोपऱ्यात दोरा तुटलेलाच आहे.

पहिली छपाई वाया गेली. मीच स्टुडिओला चित्र व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं, दाबलं जाऊन गेलं आणि काठाचा लगदा झाला. दुसऱ्यांदा पेनड्राइव्हवर नेलं. चकचकीत कागद नको म्हणून मॅट घेतला. फ्रेमवाल्याने काच आणि चित्र यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याचं माउंट घातलं, म्हणजे काचेला कागद चिकटत नाही म्हणे.

आईला दिली तेव्हा ती काही बोलली नाही. तिने काचेवरून रेघेवर बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडे, शेवटपर्यंत. मग विचारलं, "शिक्का तिरका का?" मी म्हटलं, तसाच मारलाय त्यांनी. म्हणाली, "हां, ती सचिव डावरी होती."

माणदेशी
वा.

पिक्सेलपंत
एक्ससीएफ फाइल (गिंपची स्वतःची, सगळ्या लेयरांसकट) दोन जागी ठेवा. पीएनजी छापायला, एक्ससीएफ पुढच्या दुरुस्तीला. मावशी सांगणारच, जरा मोठं करून दे.

शेवंती
धाकट्या मावशीने सांगूनही झालं. :)

न्यू जर्सीचा बंड्या
धागा संपत आला तर माझंही एक. हे सगळं वाचून वडिलांची सही शोधायला बसलो. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. इथे माझ्याकडे त्यांच्या हातची एकच वस्तू आहे, माझं आठवीचं प्रगतिपुस्तक. पालकांची सही या रकान्यात सहा सह्या. अडचण अशी की त्यातल्या किमान दोन मी केलेल्या आहेत. गणितात नापास झालो त्या चाचण्यांच्या. कुठल्या दोन ते आता मलाच ओळखता येत नाहीये. तेव्हा फार सराव केला होता.

तिरकी रेघ
म्हणजे फ्रेम केलीस तर तेहतीस टक्के तुझीच सही.

मुंबईचा वकील
या प्रकरणात मी कुणाचंच वकीलपत्र घेणार नाही.

पिक्सेलपंत
गुण बघा की, नापास कुठे आहात ते.

न्यू जर्सीचा बंड्या
चार ठिकाणी नापास आहे.

निवृत्त गुर्जी
बंडोपंत, सहाही स्कॅन करून एकावर एक लेयर ठेवा, मल्टिप्लायवर. बापाचा हात दर वेळी थोडा वेगळा पडतो. पोरगा घाबरून हुबेहूब तीच काढतो. ज्या दोन एकमेकींवर तंतोतंत बसतील, त्या तुमच्या. छत्तीस वर्षं प्रगतिपुस्तकं तपासली आहेत मी.